कॉलेज सुटलं, मग मेंटेनन्स कधी सुटतो? ब्रिटनमधल्या विभक्त पालकांसाठी

जूनमध्ये ए-लेव्हलचा (आपल्या बारावीसारख्या परीक्षेचा) शेवटचा पेपर झाला की पैसे देणाऱ्या पालकाला वाटतं, सुटलो. घेणाऱ्या पालकाला वाटतं, खरा खर्च तर आता सुरू होणार, युनिव्हर्सिटी आहे. कायद्याच्या हिशेबात दोघंही चुकतात. मेंटेनन्स, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी एका पालकानं दुसऱ्याला द्यायचे पैसे, सहसा जूनमध्ये संपत नाही आणि युनिव्हर्सिटीपर्यंत जातही नाही. तो एका ठरावीक तारखेला संपतो, आणि ती तारीख मुलाच्या वाढदिवसापेक्षा चाइल्ड बेनिफिटच्या, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याच्या, नियमांवर जास्त अवलंबून असते. म्हणून वाद घालायचा तो त्या तारखेवरून. तिनं किती त्रास दिला, त्यानं किती वर्षं भेट घेतली नाही, याची पत्रात चार पानं भरली तरी निकालात त्यातलं एक अक्षर उपयोगी पडत नाही.

आधी आपली व्यवस्था कोणती ते पाहा

तीन शक्यता असतात. आपसात ठरवून पैसे देत असाल तर नियमही तुमचेच. बदल हवा असेल तर बोला आणि नवं ठरलेलं ईमेलवर लिहून ठेवा. कोर्टाची ऑर्डर असेल तर तिचे शब्द काढून वाचा. ‘अठरा वर्षं किंवा फुलटाइम सेकंडरी शिक्षण संपेपर्यंत, जे नंतर येईल ते’ असं असेल तर ऑर्डर शाळा-कॉलेजपाशी संपते. ‘टर्शरी’ किंवा ‘पहिल्या डिग्रीपर्यंत’ असं असेल तर युनिव्हर्सिटीतही ती चालू राहते, आणि बदल हवा असेल तर फॅमिली कोर्टातच अर्ज करावा लागतो. अशी ऑर्डर सीएमएसला फोन करून थांबत नाही.

तिसरी शक्यता चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस, म्हणजे सीएमएस. पुढचं बहुतेक सगळं तिच्याविषयी आहे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये ती डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सच्या हाताखाली चालते. नॉर्दर्न आयर्लंडची सर्व्हिस वेगळी आहे.

तारीख कशी काढायची

चाइल्ड सपोर्ट ॲक्ट १९९१च्या कलम ५५ प्रमाणे सोळाच्या आतलं मूल हे ‘चाइल्ड’ आहेच. सोळा ते वीसमधलं मूल ठरावीक अटी पाळत असेल तरच ‘चाइल्ड’ धरलं जातं. त्या अटी चाइल्ड बेनिफिटच्या आहेत: फुलटाइम आणि नॉन-ॲडव्हान्स्ड शिक्षण, किंवा सरकारमान्य बिनपगारी ट्रेनिंग. अठराव्या वाढदिवसाला यात काहीही महत्त्व नाही. विसावा वाढदिवस मात्र पक्की भिंत आहे. त्यापुढे सीएमएसचा मेंटेनन्स नाही. मुलानं लग्न केलं तर त्याआधीच संपतो.

फुलटाइम म्हणजे टर्म चालू असताना आठवड्याला सरासरी १२ तासांपेक्षा जास्त, आणि तेही शिक्षकांच्या देखरेखीखाली: वर्ग, प्रॅक्टिकल, परीक्षा, कोर्सला जोडलेला कामाचा अनुभव. जेवणाची सुट्टी, गृहपाठ, लायब्ररीत एकट्यानं केलेला अभ्यास हे धरत नाहीत. तीन ए-लेव्हल घेतलेली मुलगी यात आरामात बसते. नापास झालेला एकच विषय पुन्हा देणारा मुलगा बहुधा बसत नाही, कारण एका ए-लेव्हलला आठवड्याचे चार-पाच तासच मिळतात. वादाची खरी जागा हीच असते. ‘तो कॉलेजला जातो’ हे दोघांनाही मान्य असतं, तास कुणीच मोजलेले नसतात.

नॉन-ॲडव्हान्स्ड म्हणजे लेव्हल ३ पर्यंत: ए-लेव्हल, टी-लेव्हल, स्कॉटिश हायर्स, इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, लेव्हल ३ पर्यंतचं एनव्हीक्यू. डिग्री, एचएनसी, एचएनडी यात येत नाहीत. आपल्याकडच्या पालकांची एक हमखास फसगत इथे सांगायला हवी. मुलगा ‘बीटेक करतोय’ असं ऐकून पैसे देणारा बाप समजतो की पोरगं इंजिनिअरिंगच्या डिग्रीला लागलं, म्हणजे आपण मोकळे. इथलं बीटेक ही शाळा-कॉलेजच्या पातळीवरची व्यावसायिक पात्रता आहे आणि सिक्स्थ फॉर्मच्या (शाळेची शेवटची दोन वर्षं) वयाची मुलं सहसा तिच्या लेव्हल ३ ला असतात. मेंटेनन्स चालूच राहतो. शंका असेल तर कोर्सच्या नावाकडे न बघता प्रवेशपत्रावरची लेव्हल बघा.

कोर्स एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आधी सुरू झालेला, किंवा निदान त्याला प्रवेश मिळालेला असला पाहिजे. घरी शिकवत असाल तर ते सोळाच्या आधी सुरू झालेलं हवं. विशेष गरजा असलेल्या मुलांना यात सवलत आहे. मालकानं नोकरीचा भाग म्हणून फी भरलेला कोर्स चालत नाही. इंग्लंडमधली अप्रेंटिसशिप ही नोकरी धरली जाते, तीही चालत नाही.

आता शेवटची तारीख. मूल शिक्षण सोडतं त्याच दिवशी काही संपत नाही. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, ३१ मे, ३१ ऑगस्ट आणि ३० नोव्हेंबर या चारपैकी सोडल्यानंतर जी तारीख पहिल्यांदा येते तिथपर्यंत पात्रता टिकते. समजा मुलगी मार्चमध्ये अठराची झाली आणि १४ ऑक्टोबरला तिनं सिक्स्थ फॉर्म सोडलं. मार्चला काही अर्थ नाही, १४ ऑक्टोबरही शेवट नाही; तारीख ३० नोव्हेंबर. जूनमध्ये ए-लेव्हल संपवून गॅप इयर घेणाऱ्याची तारीख ३१ ऑगस्ट. इयर ११ नंतर शिक्षणच सोडलं तर सोळा पूर्ण झाल्यानंतरची ३१ ऑगस्ट.

याला फाटे दोन. शिक्षण सोडलेल्या मुलानं आठवड्याला २४ तास किंवा जास्त पगारी काम धरलं, अप्रेंटिसशिप घेतली किंवा स्वतःच्या नावावर काही सरकारी भत्ते घ्यायला लागला, तर पात्रता त्या चार तारखांची वाट पाहत नाही, लगेच संपते. उलट बाजूनं, १६-१७ वर्षांच्या मुलानं शिक्षण सोडून करिअर सर्व्हिसमध्ये किंवा सैन्यभरतीसाठी नाव नोंदवलं तर २० आठवड्यांची वाढ मिळू शकते. त्यासाठी पालकानं सोडल्यापासून तीन महिन्यांच्या आत चाइल्ड बेनिफिटकडे मागणी करावी लागते.

कॉलेजात असताना केलेल्या कामाचा मात्र काही संबंध नाही. शनिवार-रविवार सुपरमार्केटात उभं राहून मुलगा महिन्याला ४०० पौंड मिळवतो, हा मुद्दा पत्रात घालू नका. इयर १२ आणि १३ च्या मधल्या उन्हाळ्यात तो फुलटाइम राबला तरी त्यानं शिक्षण सोडलेलं नसतं. आजारपणासारख्या कारणानं शिक्षणात खंड पडला आणि तो वाजवी असेल तर सहा महिन्यांपर्यंतचा खंड चालतो. आजारपणात त्याहून जास्तही.

पैसे देत असाल तर क्रम असा

तारीख काढली की आधी सीएमएसला कळवा. स्टँडिंग ऑर्डर त्यानंतर थांबवायची. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो: बँकेच्या ॲपवर बोट दाबून पैसे बंद करतात आणि पत्र आल्यावर सीएमएसला सांगायला जातात. तोवर थकबाकी लागलेली असते. थकबाकी झाली की समोरचा पालक डायरेक्ट पे (पालकांनी परस्पर पैसे देणं-घेणं) सोडून कलेक्ट अँड पेची (सीएमएसमार्फत वसुलीची) मागणी करू शकतो. तिथे सीएमएस तुमच्याकडून मेंटेनन्सवर २० टक्के जादा घेते आणि घेणाऱ्याच्या रकमेतून ४ टक्के कापते. पगारातून थेट वसुलीचा आदेश निघाला तर निव्वळ पगाराच्या ४० टक्क्यांपर्यंत कापलं जाऊ शकतं, आणि ही गोष्ट कंपनीच्या पेरोलवाल्यांना कळते ती वेगळीच.

कळवायची वेळ जून-जुलै. ऑनलाइन खात्यातून संदेश पाठवा. फोन केलात तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव लगेच टिपून घ्या आणि तेच ऑनलाइन पुन्हा लिहा. संदेशात एवढंच: मुलाचं नाव आणि जन्मतारीख, शिक्षण सोडल्याची तारीख, तुमच्या मते पात्रता संपण्याची तारीख, आणि ही माहिती तुम्हाला कशी कळली. सीएमएस समोरच्या पालकाला विचारते आणि चाइल्ड बेनिफिट चालू आहे का ते तपासते. चाइल्ड बेनिफिट देणाऱ्या कर खात्याला, म्हणजे एचएमआरसीला, तुम्ही स्वतः विचारलंत तर दुसऱ्याच्या क्लेमबद्दल ते काही सांगणार नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

पुरावा काय चालतो? अप्रेंटिसशिपची किंवा नोकरीची जाहीर पोस्ट, मुलानं तुम्हाला स्वतःहून पाठवलेला मेसेज, कॉलेजचं पत्र. मूल अठराच्या आत असेल आणि तुमच्याकडे पालकत्वाची जबाबदारी असेल तर कॉलेजकडे हजेरीची विचारणा करता येते. अठरानंतर ती माहिती मुलाची. त्याच्या संमतीशिवाय कॉलेज देणार नाही. आणि मुलाला आईविरुद्ध किंवा बापाविरुद्ध सही करायला बसवू नका. अशा चिठ्ठीनं केस फारशी हलत नाही, घरातलं मात्र बिघडतं.

दरवर्षी येणारा पेमेंट प्लॅन बारा महिन्यांचा छापलेला असतो. त्यात फेब्रुवारीपर्यंतचे हप्ते दिसतात म्हणून पात्रता ऑगस्टला संपलेली असतानाही काही जण भरत राहतात. क्वालिफाइंग चाइल्डच (मेंटेनन्सला पात्र मूलच) उरलं नाही की कायद्यानं हिशेब तिथेच संपतो, छापील तक्त्यात पुढचे रकाने असले तरी.

दोन मुलं असतील तर

मोठ्याचं शिक्षण संपलं म्हणजे रक्कम निम्मी होत नाही. एका मुलाला आठवड्याच्या करपूर्व उत्पन्नाच्या पहिल्या ८०० पौंडांवर १२ टक्के, दोन मुलांना १६, तीन किंवा अधिक मुलांना १९. ८०० च्या वर ३,००० पर्यंत हेच दर ९, १२ आणि १५. आठवड्याला ९०० पौंड मिळवणाऱ्याचं दोन मुलांचं गणित: ८०० वर १२८, वरच्या १०० वर १२, एकूण १४०. एका मुलासाठी ९६ अधिक ९, म्हणजे १०५. फरक ३५ पौंडांचा, ७० चा नव्हे. मूल तुमच्याकडे वर्षाला ५२ किंवा जास्त रात्री राहत असेल तर त्याची सूट यातून वेगळी जाते. धाकट्याच्या रात्री मोठ्यापेक्षा कमी-जास्त असतील तर तेही त्याच वेळी कळवा. मोठा हिशेबातून गेल्यावर सूट फक्त धाकट्याच्या रात्रींवर ठरते.

निर्णय चुकला तर

पहिली पायरी मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे सीएमएसनंच स्वतःचा निर्णय पुन्हा तपासणं. मुदत ३० दिवस, आणि ती निर्णयाच्या पत्रावरच्या तारखेपासून मोजतात. पत्र आठ दिवस उशिरा दारात पडलं तर ते आठ दिवस तुमचेच गेले. मुदत चुकली असेल तरी सबळ कारण देऊन मागता येतं, पण तेव्हा आधी उशिराचं कारण पटवावं लागतं.

पत्र एका पानात बसलं पाहिजे. इंग्रजीत लिहायचं असलं तरी आधी मराठीत मुद्दे मांडून पाहा, फाफटपसारा आपोआप गळतो. साधारण असं:

‘१२ सप्टेंबरच्या पत्रातल्या निर्णयाचा फेरविचार करावा. त्यात माझा मुलगा ३१ ऑगस्टनंतरही क्वालिफाइंग चाइल्ड धरला आहे. त्याची ए-लेव्हलची शेवटची परीक्षा जूनमध्ये झाली. सध्या तो एकच विषय पुन्हा देत आहे. कॉलेजच्या वेळापत्रकाप्रमाणे आठवड्याला पाच तास वर्ग आहेत, म्हणजे १२ तासांची अट पूर्ण होत नाही. म्हणून ३१ ऑगस्ट ही शेवटची तारीख धरून हिशेब बंद करावा. वेळापत्रक सोबत जोडले आहे.’

वर केस रेफरन्स आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर. एवढं पुरे. या पत्रात फोनवर तासभर ताटकळल्याची तक्रार घालू नका. कामकाजाची तक्रार हा वेगळा रस्ता आहे: आधी सीएमएसकडे, मग इंडिपेंडंट केस एक्झामिनरकडे. त्या रस्त्यानं निर्णय बदलत नाही. तक्रार करून उत्तराची वाट पाहता पाहता ३० दिवस उलटून जातात, हे फार जणांच्या बाबतीत होतं.

फेरविचारानंतर येणारी नोटीस जपून ठेवा, पुढचा दरवाजा तिच्याशिवाय उघडत नाही. तो दरवाजा म्हणजे सोशल सिक्युरिटी अँड चाइल्ड सपोर्ट ट्रायब्युनल. नोटिशीच्या तारखेपासून एक महिन्यात एसएससीएस २ हा फॉर्म द्यायचा. फी नाही, वकील लागतोच असं नाही. दुभाषी हवा का, कोणत्या भाषेचा, हे फॉर्मवर विचारतात. मराठी लिहायला संकोच करू नका, त्याचे पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत.

दोन गोष्टी इथे लक्षात असू द्या. समोरचा पालकही या अपिलात पक्षकार असतो आणि तुम्ही पाठवलेला प्रत्येक कागद त्याला मिळतो. पत्ता गुप्त ठेवायचा असेल तर तसं आधीच कळवा आणि जोडलेल्या बँक स्टेटमेंटवरचा पत्ताही झाका. दुसरं, ट्रायब्युनल निर्णय झाला त्या दिवशीची परिस्थिती पाहतं. सप्टेंबरच्या निर्णयाविरुद्धच्या अपिलात मुलानं डिसेंबरमध्ये नोकरी धरली, हे सांगून भागत नाही. तो बदल सीएमएसला नव्यानं कळवायचा. अपील चालू असताना आकारणी थांबत नाही, त्यामुळे पैसे भरत राहणं शहाणपणाचं.

पैसे घेत असाल आणि मेंटेनन्स मध्येच बंद झाला असेल तर

मूल वर्गात बसलंय, तरी सप्टेंबरपासून मेंटेनन्स शून्य. याचं कारण बहुधा घरातल्या न उघडलेल्या पाकिटात असतं. मूल सोळाचं होतं त्या वर्षी एचएमआरसी पत्र पाठवून विचारते, पुढे शिकणार का? ३१ ऑगस्टपर्यंत उत्तर गेलं नाही तर चाइल्ड बेनिफिट थांबतो, आणि सीएमएसलाही मग मूल शिक्षणाबाहेर दिसतं. आधी एचएमआरसीच्या ॲपवरून किंवा वेबसाइटवरून ते दुरुस्त करा. कॉलेजकडून पत्र घ्या, आणि त्यात पाच गोष्टी असल्याची खात्री करा: कोर्सचं नाव, लेव्हल, सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख, आठवड्याचे देखरेखीखालचे तास. ‘आमची विद्यार्थिनी आहे’ एवढंच लिहिलेलं बोनाफाइड छापाचं पत्र परत येतं. मग ३० दिवसांच्या आत फेरविचार मागा.

एका पालकाचं उत्पन्न ६०,००० पौंडांच्या वर असेल तर चाइल्ड बेनिफिटवर कर लागतो, म्हणून पुष्कळ आयटीवाले क्लेमच करत नाहीत. क्लेम करून फक्त पैसे नाकारण्याची सोय आहे, ती घ्या, नोंद राहते. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल आणि पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते) नाहीत असा शिक्का असेल तर चाइल्ड बेनिफिट मागू नका. मेंटेनन्स मात्र पब्लिक फंड नव्हे, तो दुसऱ्या पालकाचा पैसा आहे, मागता येतो. अशा वेळी शिक्षणाचा पुरावा थेट सीएमएसकडे द्यायचा.

आणि मुलानं खरंच शिक्षण सोडलं असेल तर कळवणं तुमचं कर्तव्य आहे. मुद्दाम चुकीची माहिती दिली किंवा दडवली तर कोर्टात १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

जास्त गेलेले पैसे

धाकटं मूल अजून हिशेबात असेल तर जादा भरलेली रक्कम पुढच्या हप्त्यांत वळती करता येते. शेवटचंच मूल असेल तर वळती करायला पुढचा हप्ताच नसतो. परतफेड करण्याचा अधिकार सीएमएसला आहे, सक्ती नाही, आणि डायरेक्ट पेमध्ये पैसे तिच्या हातातून गेलेलेही नसतात. म्हणून शेवटच्या मुलाच्या बाबतीत ऑगस्टमध्ये कळवणं आणि डिसेंबरमध्ये कळवणं यात चार हप्त्यांचा फरक पडतो, आणि ते चार हप्ते परत मिळवताना नाकी नऊ येतात.

युनिव्हर्सिटी, स्कॉटलंड आणि भारत

सीएमएस संपली म्हणजे सगळं संपलं असं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये अठरा पूर्ण झालेलं आणि शिकत असलेलं मूल काही परिस्थितीत चिल्ड्रन ॲक्ट १९८९च्या शेड्यूल १ खाली विभक्त आईबापांकडून स्वतः खर्च मागू शकतं. स्कॉटलंडमध्ये वाजवी शिक्षण घेणारं मूल पंचविसाव्या वर्षापर्यंत ‘ॲलिमेंट’ मागू शकतं. ग्लासगोत राहणाऱ्या बापानं लंडनच्या मित्राचा सल्ला इथे लावू नये.

पैसे देणारा पालक कायमचा पुण्याला परतला तर सीएमएसचा अधिकारच संपतो, कारण दोन्ही पालक आणि मूल ब्रिटनमध्ये राहणारे असावे लागतात. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या कंपनीनं कामासाठी भारतात पाठवलं असेल तर मात्र अधिकार राहतो. आणि मुळात तुमच्याकडे वांद्र्याच्या किंवा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा पोटगीचा आदेश असेल तर वर सांगितलेल्या चार तारखा त्याला लागू नाहीत. तिथे मुलाचं अज्ञानपण अठराला संपतं, शिक्षण चालू असो वा नसो. अविवाहित मुलीला मात्र स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर १९५६च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० खाली पुढेही मागता येतं. असा आदेश थांबवायचा तर अर्ज त्याच न्यायालयात.